चालू विमानतळावर कॉनकोर्स बदलायचा : तयार तुकडे आणून जोडणं शहाणपणाचं की नुसता थाट?

चिंचोके

नमस्कार मंडळी,

अटलांटात राहणाऱ्याला हार्ट्सफिल्ड-जॅक्सन विमानतळ चुकत नाही. आमचा स्वारगेटच तो, कुठेही जायचं असलं तरी आधी तिथे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: एका टोकाला देशांतर्गत टर्मिनल, दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय, आणि मध्ये टी, ए, बी, सी, डी, ई, एफ अशा गेटांच्या लांबट इमारती, म्हणजे कॉनकोर्स, एकमेकींना समांतर उभ्या. दोन इमारतींमध्ये विमानांची जागा. खालून भुयारी गाडी, चालायची हौस असेल तर भुयारी पायवाटही आहे. ही मांडणी 1980 सालची. पुढे डेनव्हरनेही हाच कित्ता गिरवला.

यातला डी कॉनकोर्स सगळ्यांत चिंचोळा, रुंदी जेमतेम 60 फूट. एवढ्यात दोन्ही बाजूंना गेट, गेटसमोरच्या खुर्च्या, मधून जाणारी-येणारी माणसं, कॉफीच्या रांगा. आता तो 99 फूट रुंद करतायत आणि लांबीला 288 फुटांनी वाढवतायत. काम 2029 पर्यंत चालेल. तो वाढवायची रीत मला चक्रावून टाकणारी आहे. इमारत बंद केलेली नाही. विमानतळाच्याच आवारात लांब एका बाजूला यार्ड केलंय. तिथे नव्या कॉनकोर्सचे तुकडे उभे राहतात, खोल्यांएवढे नाहीत, चांगल्या इमारतीएवढे. मग एखाद्या रात्री तो तुकडा चाकांच्या फळीवर चढतो, टॅक्सीवेवरून (विमानांचा धावपट्टीकडे जायचा रस्ता) चालत येतो आणि जुन्या इमारतीच्या कडेला लागतो. एका वेळी आठपेक्षा जास्त गेट बंद ठेवायची नाहीत असं ठरवलंय.

आणि एवढं सगळं करून गेट किती होणार? 40 ची 34!

तर प्रश्न असा. एवढा खटाटोप खरंच फायद्याचा असतो का? सरळ अर्धी इमारत बंद करावी, पाडावी, नवी बांधावी, मोकळं व्हावं. आणि आपल्याकडे मुंबईत असं कधी झालंय का, होऊ शकतं का? या क्षेत्रातली मंडळी इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून धागा काढला.

टिवल्याबावल्या

खुर्ची टाकली आहे. शेंगदाणे कोण आणतंय?

शंकेखोर

थाट. माझं मत आधीच नोंदवून ठेवतो. एकदा यार्डात बांधायचं, मग उचलायचं, मग हलवायचं, मग जोडायचं. एका कामाचे चार धंदे. स्वस्त कसं पडेल?

लोखंड्या

शंकेखोर, स्वस्त पडतं असं कोण म्हणालं? :)

मी अवजड फॅब्रिकेशनमध्ये आहे. विमानतळाचं काम केलेलं नाही, पण रिफायनरीची मॉड्यूल्स अशीच बांधून अशीच हलवली आहेत, गाडीही तीच. तिला एसपीएमटी म्हणतात. ट्रेलर नव्हे, कारण पुढे ओढणारा ट्रॅक्टर नसतो. लोखंडी पलंगासारखं सपाट धूड, खाली चाकांच्या जोड्यांच्या रांगाच रांगा. प्रत्येक जोडी स्वतंत्र वळते, त्यामुळे अख्खं धूड आडवं सरकतं, तिरकं चालतं, जागच्या जागी फिरतं. चाकांच्या वर हायड्रॉलिक असतं, ते अर्ध्या मीटरहून जास्त खालीवर होतं. रस्त्याला उतार आला की एका बाजूचं तेल वाढवून वरचा माल सपाट ठेवायचा. ड्रायव्हर वर बसत नाही. कमरेला रिमोटचा डबा बांधून बाजूने चालत असतो आणि चार कोपऱ्यांवर चार माणसं त्याच्याशी वॉकीटॉकीवर बोलत असतात. वेग माणसाच्या चालीइतका, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

पण हलवणं हा सोपा भाग. खरं दुखणं जोडाला असतं.

समजा 60 मीटर लांबीचा स्टीलचा सांगाडा आहे. दुपारी आणि पहाटे त्याच्या तापमानात 20 अंशांचा फरक पडला तर लांबीत साधारण 14 मिलिमीटरचा फरक पडतो. आणि 24 च्या बोल्टला भोक असतं 26 चं. म्हणजे सूट किती, 2 मिलिमीटर! म्हणून मोजमाप कोणत्या वेळी घेतलं ते कागदावर लिहावं लागतं. खालच्या फाउंडेशन बोल्टांचा सर्व्हे आणि वरच्या बेसप्लेटचा (खांबाच्या तळाची प्लेट) सर्व्हे एकमेकांशी जुळवून बघायचा, आणि जिथे फरक राहील तिथे शिम प्लेट, म्हणजे पातळ लोखंडी पट्ट्या, सारायच्या. जिथे फरक राहणारच हे ठाऊक असतं तिथे भोकंच लांबट ठेवतात. दोन तुकड्यांच्या मध्ये मुद्दाम फट सोडून ती जागेवर भरतात. ती फट कुठे सोडायची हे ज्याने आधी ठरवलं त्याचं काम निम्मं झालं.

आणखी एक. इमारत खांबांवर उभी राहते असं धरून डिझाइन केलेली असते, पण प्रवासात ती खांबांवर नसते, मधल्या तुळयांवर तोललेली असते. जिथे ताण असायचा तिथे दाब येतो. त्यासाठी तात्पुरतं लोखंड घालायचं आणि पोचल्यावर ते कापून काढायचं. म्हणून म्हटलं, स्वस्त नाही.

कोथरूडची_काकू

लोखंड्या, किती छान समजावलंत. एक बाळबोध प्रश्न विचारू का? काचा आधीच बसवलेल्या असतात की नंतर? हलवताना तडकत नाहीत का?

लोखंड्या

काकू, बाळबोध कसला, साइटवर पहिलं भांडण त्यावरूनच होतं. दोन्ही पद्धती आहेत. जितकं जास्त काम यार्डात उरकेल तितका फायदा, म्हणून छप्पर, मजल्याचा पत्रा, डक्टिंग, पाइप आधीच घालून टाकायचा मोह होतो. पण काचेला सांगाड्याचं वाकणं सोसत नाही. जोडाजवळच्या काचा शक्यतो मागाहूनच बसवाव्यात असं माझं मत.

एप्रनवरचा_बाबू

मी ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे (आखातात). शंकेखोरांना दुसऱ्या बाजूने उत्तर देतो.

बांधकामवाले बांधकामाचा खर्च मोजतात. विमानतळ मोजतो गेटचे तास. एक गेट दिवसाला सात-आठ विमानं काढत असेल आणि ते दोन वर्षं बंद राहिलं, तर ती विमानं जाणार कुठे? लांबच्या स्टँडवर, म्हणजे इमारतीपासून दूर उभं राहायच्या जागेवर. मग बस आली, जिना आला, सामानाची जास्तीची फेरी आली, पुढची जोडणी चुकलेले प्रवासी आले. अटलांटासारख्या ठिकाणी निम्म्याहून जास्त लोक फक्त विमान बदलायला उतरतात, तिथे हा गुंता सगळ्या देशभर पसरतो. म्हणून दोन वर्षांचं काम यार्डात करायचं आणि गेटवरचं काम काही महिन्यांत आटपायचं. जास्तीचे पैसे त्यासाठी.

40 ची 34 कशी झाली त्याचंही उत्तर सोपं आहे: पंख. गेट म्हणजे दरवाजा नव्हे, विमान उभं करायची बाहेरची जागा. डी वर बरीच गेट छोट्या प्रादेशिक जेटच्या मापाची होती. आता मोठी विमानं लावायची आहेत. ए320 किंवा 737 जातीच्या विमानाचे पंख 36 मीटरच्या आत बसतात. शेजारच्या विमानापासून किमान साडेचार मीटर मोकळे लागतात, म्हणजे दर गेटला इमारतीची 40 मीटर लांबी गेली. 777 ला तर जवळपास 65 मीटर नुसत्या पंखांनाच. नव्या 777एक्सचे पंख टोकाला दुमडतात ते याचसाठी. उडताना जवळपास 72 मीटर, गेटवर 65 च्या आत. विमानतळाचं माप बदलेना, तेव्हा विमानाने पंख आवरले.

म्हणजे कॉनकोर्सची लांबी आर्किटेक्टच्या कागदावर ठरायच्या आधी पंखांवरून ठरलेली असते. तुकड्यांची मापंही मग त्याच हिशोबात पडली की काम सोपं.

आणि वेल्डिंग! विमानाच्या स्टँडखालून इंधनाची लाइन गेलेली असते. तिच्याजवळ एक ठिणगी पाडायची तर परवान्यांची चळत लागते, वर आगीवाला उभा करायचा, शेजारी विमानात इंधन भरत असेल तर काम थांबवायचं. यार्डात हवं तितकं वेल्डिंग करा, कोणी विचारत नाही. जागेवर फक्त बोल्ट.

शंकेखोर

बाबू, तुमचा मुद्दा मान्य, अर्धा. गेटच्या तासांचा हिशोब मला पटला. पण "तयार तुकडे" म्हटलं की मला पॅरिस आठवतं. चार्ल्स द गॉलचं टर्मिनल 2ई. 2003 मध्ये सुरू झालं आणि 23 मे 2004 रोजी त्याच्या लांब बोळाचा एक भाग कोसळला. 4 माणसं गेली. तेही कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या कड्यांचं होतं ना? एकाला एक लावून केलेली नळी. एका कड्याचं डिझाइन कमजोर म्हणजे सगळ्याच कड्यांचं कमजोर. साच्यातून चूक काढली तर चुकाही साच्यातूनच निघतात.

मृण्मयी_क

शंकेखोर, उदाहरण बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे असं वाटतं. (मी आर्किटेक्ट.)

2ई ची कमान पातळ काँक्रीटच्या कवचाची होती, आणि तिला बाहेरून स्टीलच्या काड्यांनी तोलून धरलं होतं. त्या काड्या काँक्रीटमध्ये जिथे टेकत होत्या तिथे कवचाला पुरेसं बळ नव्हतं. वर बाजूच्या जिन्या-पुलांसाठी कमानीला भोकं पाडलेली. गारठा-ऊन होऊन काँक्रीट थकत गेलं आणि काडी आत घुसली. चौकशीचा सूर असा होता की डिझाइनला हाताशी शिल्लकच ठेवलेली नव्हती. एक गोष्ट निकामी झाली की भार घ्यायला दुसरी वाट नाही. हे जागेवर ओतलं असतं तरी झालं असतं. पुढे तो भाग पाडून स्टील-काचेचा सांगाडा केला आणि 2008 मध्ये परत उघडला.

अटलांटाचे तुकडे हे सरळ साधे स्टीलचे चौकटी सांगाडे आहेत. त्यात कमानीचं कवित्व नाही, दिसायलाही कदाचित नीरस असतील. पण अशा कामाला नीरस चौकटच हवी.

टिवल्याबावल्या

"कमानीचं कवित्व" हे वाक्य मी माझ्या नावावर खपवणार आहे. हरकत असल्यास आत्ताच कळवा.

गॅटविकचा_गंपू

इकडे विलायतेत हे खूळ जुनं आहे. गॅटविकला पियर 6 ला (गेटांची एक वेगळी इमारत) जायला पूल आहे, टॅक्सीवेच्या वरून जाणारा. खालून मोठी विमानं जातात आणि वरून आपण बॅग ओढत. जवळपास 200 मीटर लांब, 2,700 टन. तो दूर एका कोपऱ्यात बांधला आणि 2004 मध्ये एका रात्रीत आणून बसवला. टॅक्सीवे महिनोन् महिने बंद ठेवणं परवडणारंच नव्हतं.

त्याच वर्षी हीथ्रोने कंट्रोल टॉवरचा वरचा डोलारा, जवळपास 900 टन, असाच चाकांवरून आवारातून चालवत नेला आणि मग खालून खांबाचे भाग घालत घालत वर चढवला. टॉवर 87 मीटरचा. टर्मिनल 5 चं छप्परही जमिनीवर जुळवून जॅकने वर ओढलं, कारण उंच क्रेन उभ्या केल्या तर रडारला अडथळा.

हा क्रेनचा मुद्दा वर कोणी काढला नाही. विमानतळावर उंच काहीही उभं करायची बंदी असते. तुकडा आडवा सरकत आला तर क्रेनच लागत नाही.

निळू

हाँगकाँगचा स्कायब्रिज पण! 200 मीटर लांब, 28 मीटर उंच, खालून ए380 जातं. 2022 मध्ये उघडला. तोही आवारातच बांधून आणून ठेवलेला. वर काचेची फरशी आहे, सासूबाई त्या काचेवर पाऊल ठेवेनात. कडेकडेने भिंत धरून आल्या.

कोथरूडची_काकू

निळू, मीसुद्धा ठेवणार नाही बाई.

अवांतर होतंय पण बोलतेच. तुम्ही सगळे बोल्ट आणि टन मोजताय, तिथे चालणाऱ्या माणसाचं काय? ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून विमानतळ म्हटलं की मला धडकी भरते. इमारत लांब करायची, मग मध्ये सरकते पट्टे टाकायचे, मग पट्ट्याने जागा खाल्ली म्हणून खुर्च्या कमी. व्हीलचेअर मागवली तर ती दाराशी मिळते, पण गेटजवळ बसायला जागा नसते, आणि स्वच्छतागृह नेमकं दोन गेट मागे. रुंदी वाढवतात ती दुकानांसाठी की माणसांसाठी?

मृण्मयी_क

काकू, अजिबात अवांतर नाही, डिझाइनचा गाभाच हा आहे.

60 फूट म्हणजे साधारण 18 मीटर. दोन्ही बाजूंना बसायच्या जागांना पाच-साडेपाच मीटर दिले तर मध्ये उरले सात-आठ. त्यातच बोर्डिंगची रांग वळून बाहेर येते. छोटी जेट होती तेव्हा एका गेटवर 50 ते 70 माणसं असायची. आता त्याच जागी दीडशे-पावणेदोनशे. म्हणजे इमारत तीच, विमानं वाढली, गर्दी अडीचपट. 99 फूट म्हणजे 30 मीटर. वाढलेले 12 मीटर दोन्ही कडांना वाटून बसायच्या जागा आणि स्वच्छतागृहांना मिळतात तेव्हा मधली वाट मोकळी होते. दुकानं येतातच, विमानतळाचं पोट त्यांच्यावर आहे. पण आधी माणसं बसली तर ती दुकानात जातील ना.

तयार तुकड्यांचा इथे एक छुपा फायदा आहे. स्वच्छतागृहाचा नमुना एकदा नीट बसवला, त्यातली पाइपांची शाफ्ट, व्हीलचेअर वळायची जागा, दाराची दिशा, की तो पुढच्या तुकड्यात तसाच येतो. जागेवर बांधताना दर वेळी प्लंबर स्वतःची बुद्धी चालवतो.

लोखंड्या

प्लंबरच्या बुद्धीवर वेगळा धागा काढावा. मी लिहीन, सीरिजच लिहीन.

सहारकर

मुंबईबद्दल कोणीच बोललं नाही अजून. अंधेरीत वाढलेला माणूस म्हणून बोलतो.

आपलं टी2, म्हणजे टर्मिनल 2, हे याच प्रश्नाचं दुसरं उत्तर आहे. तुकडे आणून जोडले नाहीत, पण चालू विमानतळाच्या आत बांधलं. जुनं सहार टर्मिनल त्याच जागेवर चालू होतं. म्हणूनच एसओएम या अमेरिकन कंपनीच्या आर्किटेक्ट मंडळींनी त्याचा आराखडा लांबट फुलीसारखा केला. मध्ये मुख्य इमारत, चार बाजूंना चार हात. जुन्या इमारतीला वळसा घालून बांधत जाता यावं, एकेक हात टप्प्याटप्प्याने पुरा करता यावा, हा त्यातला हिशोब. एकसारख्या भागांची आवृत्ती केली की काम झपाट्याने होतं. 2014 च्या फेब्रुवारीत सुरू झालं तेव्हा सगळं पुरं नव्हतं, काही भाग जुनं पाडल्यावर मागाहून जोडला. लोक वरचे मोरपिशी कोनाडे आणि 30 खांब बघतात. मला त्या फुलीचंच जास्त कौतुक.

शिवाय तिथे गेटं अशी ठेवलीत की तेच गेट सकाळी आंतरराष्ट्रीय आणि दुपारी देशांतर्गत चालवता येतं. काचेची दारं इकडची बंद, तिकडची उघडी. जागा कमी असली की असं डोकं चालवावं लागतं.

चिंचोके

सहारकर, वा! फुलीचं हे कारण मला ठाऊक नव्हतं. मी आपला समजत होतो दिसायला छान म्हणून.

मग माझा दुसरा प्रश्न परत विचारतो. अटलांटासारखं, म्हणजे इमारतीएवढे तुकडे चाकांवरून आणून, मुंबईत का नाही जमणार? मेट्रोचे काँक्रीटचे सेगमेंट तर आपण रोज रात्री ट्रेलरवरून नेतो.

एप्रनवरचा_बाबू

चिंचोके, यार्ड कुठे करणार? अटलांटात पाच समांतर धावपट्ट्या आहेत आणि कडेला जमीन आहे. मुंबईत दोन धावपट्ट्या, त्याही एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणजे एका वेळी एकच खरी. डिसेंबर 2018 मध्ये तिथे 24 तासांत हजाराहून जास्त विमानांची ये-जा झालेली आहे. एवढ्या गर्दीत एखादा कोपरा दोन वर्षं बांधकामाला सोडायचा म्हणजे तिथली विमानं उभी करायची जागा सोडायची. तेच तर वाचवायचं होतं!

तुकडा टॅक्सीवेवर आणायचा तर तेवढा वेळ टॅक्सीवे बंद. मुंबईत रात्री दोनला काय चालू असतं ते सहारकरांना विचारा. युरोप-अमेरिकेची सगळी विमानं तेव्हाच. अटलांटात रात्र ही रात्र असते.

आणि हलवून झाल्यावर सुटत नाही. मागे झाडूची गाडी फिरवावी लागते आणि शेवटी माणसं टॉर्च घेऊन रांगेने चालत जातात. एक नट, एक वॉशर जरी टॅक्सीवेवर पडून राहिला आणि सकाळी इंजिनात ओढला गेला, तर त्या नटची किंमत कोटींत होते.

लोखंड्या

बाहेरून आणायचं म्हटलं तर तळोज्यात फॅब्रिकेशनची कामं चालतातच. पण तिथून अंधेरीपर्यंत 10 मीटर रुंद तुकडा येणार कुठून? फ्लायओव्हरची उंची, विजेच्या तारा, टोल नाक्याची रुंदी. मेट्रोचा सेगमेंट रस्त्याच्या मापाचा असतो म्हणून तो येतो. समुद्र असेल तर गोष्ट वेगळी. वांद्रे-वरळी पुलाला कोस्टल रोड जोडताना 136 मीटरची 2,000 टनांची कमानी गर्डर बार्जवरून आणून भरती-ओहोटीच्या मदतीने बसवली, 2024 मध्ये. पाण्याला फ्लायओव्हर नसतो.

टिवल्याबावल्या

म्हणजे मिठी नदीतून आणायचं. धावपट्टीखालूनच जाते. सुचवणी संबंधितांपर्यंत पोचवावी.

सहारकर

मिठीतून तुकडा यायचा तर आधी गाळ काढावा लागेल. म्हणजे कॉनकोर्स व्हायला अजून एक पिढी.

गंमत सोडा. आपल्याकडची रीत वेगळी आहे. आपण इमारत हलवत नाही, प्रवासी हलवतो. सांताक्रूझचं टी1 पाडून नवं बांधायची योजना जाहीर झाली तेव्हाच हिशोब होता की नवी मुंबई सुरू झाली की गर्दी तिकडे न्यायची. नवी मुंबईचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरला विमानं सुटली. पुण्यातही तेच. लोहगावला जुन्याच्या शेजारी नवं टर्मिनल बांधलं, जुलै 2024 मध्ये तिकडे सरकले. कोऱ्या जमिनीवर बांधणं केव्हाही सोपं.

शंकेखोर

हे मला पटतं. मोकळी जमीन असेल तर तिच्यावर बांधा. चाकांवर इमारती फिरवणं ही जागा नसल्याची शिक्षा आहे.

मृण्मयी_क

शिक्षा का? एक उदाहरण देते, तुमचं मत बदलणार नाही हे माहीत असूनही. अमेरिकेत पोर्टलंडला मुख्य टर्मिनलचं लाकडी छप्पर केलं, 9 एकरांचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये उघडलं. आसपासच्या जंगलांतलं डग्लस फर लाकूड, आणि त्याचे मोठाले तुकडे आवारात पलीकडे जुळवून रात्री आणून चालू टर्मिनलच्या डोक्यावर चढवले. खाली लोक चेक-इन करतायत. तिथे भूकंपाची भीती असल्याने छप्पर खांबांच्या डोक्यावर सरकू शकेल अशा बेअरिंगवर ठेवलंय. जमिनीवर उभं राहून, नीट उजेडात, सुतारांनी जोड जुळवले म्हणून ते काम इतकं सफाईदार झालं. शंभर फुटांवर पाळण्यात लोंबकळत कोण ती सफाई आणणार?

उलट दिशेचं उदाहरण जपानचं कान्साई. 1994 चं. समुद्रात भराव घालून केलेलं बेट, 1.7 किलोमीटर लांबीची इमारत. आर्किटेक्ट रेन्झो पियानोने छपराची वळणं अशा भूमितीत बसवली की वरचे जवळपास 82 हजार स्टेनलेस स्टीलचे पत्रे सगळे एकाच मापाचे झाले. नजरेला लाट दिसते, कारखान्याला एकच साचा. बेट खचत असतं म्हणून खांबांखाली जॅक आहेत, अधूनमधून इमारत उचलून खाली पट्ट्या घालतात.

लोखंड्या

म्हणजे शिम प्लेटच! जगात कुठेही जा, शेवटी शिम प्लेट.

निळू

लॉस एंजेलिसलाही असंच काहीतरी झालं ना? भाऊ तिथे आहे, तो सांगत होता.

एप्रनवरचा_बाबू

हो, तिथल्या मिडफिल्ड सॅटेलाइटचा (मुख्य टर्मिनलपासून वेगळी उभी गेटांची इमारत) दक्षिणेकडचा भाग. आठ गेट, नऊ तुकडे, आवारात दूरच्या टोकाला बांधले आणि रात्री एकेक करून आणले. फरक एवढाच की तिथे नवी इमारत होती. अटलांटात जुन्या चालत्या इमारतीला चिकटवतायत, ते मला जास्त अवघड वाटतं. जुनी 1980 ची फरशी आणि नवी फरशी एका पातळीत आणायची आहे. जुनी इमारत 45 वर्षांत जमिनीत जिथे जितकी बसायची तितकी बसलेली, नवी अजून बसायची आहे.

लोखंड्या

बरोबर. आणि तुमच्या आजीची ट्रॉली त्या जोडावरूनच जाणार. म्हणून दोन इमारतींमध्ये सांधा ठेवायचा, वर सरकती पट्टी. पट्टीचा आवाज आला, खडखड झाली, की समजायचं पातळी चुकली. मी कुठल्याही विमानतळावर गेलो की आधी पायाने तीच तपासतो. बायको म्हणते चला, गेट बंद होईल.

चिंचोके

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं वाटतं: पैसे बांधकामात वाचत नाहीत, गेट चालू राहण्यात वाचतात, आणि तेही जिथे कडेला जमीन आणि रात्रीची शांतता आहे तिथेच.

काकू, तुमच्यासाठी: अटलांटाला उतरून विमान बदलायचं असेल तर भुयारी गाडीत शक्यतो मधल्या डब्यात चढा. सरकता जिना आणि लिफ्ट तिथून जवळ पडतात.

शंकेखोर

मला उत्तर मिळालेलं नाही. 2029 मध्ये काम वेळेत आणि ठरल्या पैशांत संपलं तर धागा वर काढा, तेव्हा बोलू.

कोथरूडची_काकू

चिंचोके, धन्यवाद. ऑक्टोबरात लेकीकडे जायचंय, तिकीट अटलांटावरूनच आहे, मधे पावणेदोन तास. पुरतील का हो? बॅगा तिथे परत घ्याव्या लागतात म्हणे.

चिंचोके

परदेशातून पहिल्यांदा अमेरिकेत उतरताय ना? मग इमिग्रेशन, बॅगा, परत तपासणी धरून पावणेदोन तास फारच ओढाताण होईल, त्यात व्हीलचेअर. तिकीट अजून बदलता येत असेल तर तीन तासांचं घ्या. नाहीतर विचारपूस करा, मी तिथेच आहे.